अम्मींचा रोल

आमच्या घरातून रविवारी सकाळी मोठमोठ्यानं आवाज येतात ते भांडणाचे नसून फोटोच्या चर्चेचे, हे गल्लीला कळायला दोन वर्षं लागली. त्याआधी समोरच्या काकू एकदा वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं डोकावून गेल्या आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं, की तिकडं तीन चांगले बाप्ये एका बैलाच्या पायावरून भांडून राह्यले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. भगवानरावांनी पोळ्याला काढलेल्या फोटोत बैलाचा मागचा उजवा पाय खुरापासून कापला गेला होता, आणि कापला गेला की मुद्दाम कापला, यावर तासभर वाद चालला होता. भगवानराव म्हणत होते, पाय महत्त्वाचा नव्हता, शिंगं महत्त्वाची होती. आप्पा म्हणत होते, मग बैलाला विचारा. आई स्वयंपाकघरातून ओरडली, की चहा गार झाला तर तिसऱ्यांदा गरम करणार नाही. आज मागे वळून पाहताना मला त्या घराचा रंग आठवत नाही, पण तो आवाज जसाच्या तसा आठवतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. बदनापूरला शेतीच्या संशोधन केंद्रात नोकरीला होते आणि रोज सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळच्या गाडीनं नवीन जालन्यात परत यायचे. तुरीच्या शेंगेवरची अळी, मुगाच्या पानावरचा पिवळा रोग, यांचे फोटो काढायला केंद्राचा कॅमेरा असायचा, त्यातून त्यांना हा नाद लागला. पानं, शेंगा, किडे यांच्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस मात्र समोर आला की त्यांची गाळण उडायची. लग्नात नवरा-नवरीला ते इतका वेळ उभं ठेवत, की नवरी घामानं भिजून जाई. भगवानराव मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, चांगली पंचवीस एकर जमीन भावांवर सोपवून एका बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर लागलेले. मोटारसायकलच्या डिकीत कॅमेरा, गळ्यात कॅमेरा, बोलण्यात कॅमेरा. आणि तिसरे हबीबचाचा. नदीपलीकडे जुन्या जालन्यात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा घासून नंबर लावणारा माणूस, त्यामुळे काच या गोष्टीबद्दल त्यांना जे कळायचं ते बाकी दोघांना पुस्तकं वाचूनही कळलं नसतं. कॅमेरा रशियन, जड, विटेएवढा. तो ते शाळेत जाणाऱ्या पोराला तयार करावं तसा दर शनिवारी पुसूनबिसून तयार करायचे.

रविवारचे दोन नियम होते आणि दोन्ही हबीबचाचांचे. पहिला असा, की फोटो आधी उलटा ठेवायचा, डोकं खाली, पाय वर. सुलटा ठेवला की माणसाचं लक्ष चेहऱ्याकडं जातं, हा आपला मामा, ही शेजारची मंगल, असं सुरू होतं. उलटा ठेवला की फक्त उजेड आणि सावली दिसते. जेवढी सावली खरी तेवढाच फोटो खरा, असं चाचा म्हणायचे. दुसरा नियम, ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. बाकीचे सगळे बोलून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, सफाई द्यायची नाही, ढग आडवा आला होता, पोरानं धक्का दिला, असं काही सांगायचं नाही. भगवानरावांना हा नियम पाळणं बाळंतपणाएवढं अवघड जायचं. ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसत आणि त्यांचे ओठ हलत राहत.

खाण्याचं म्हणाल तर आई बहुतेक वेळा सुशीला करायची. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी, वरून लिंबू. भगवानराव तीन वेळा वाढून घेत आणि दर वेळी म्हणत, "बस वहिनी, बिलकुल थोडं." आईला त्या तिघांचा राग नव्हता, राग होता तो पाण्याचा. जालन्यात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नळाला पाणी यायचं तेव्हा सण असायचा, आणि फोटो धुवायला तर पाणीच पाणी लागतं. आमची न्हाणी हीच आमची डार्करूम. खिडकीला काळं मेणकापड ठोकलेलं, मोरीवर फळी टाकून तिच्यावर एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेलं एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, आणि खाली औषधांचे तीन ट्रे. आई दारात एक बादली ठेवायची आणि म्हणायची, "एवढीच. हिच्यात तुमचे बैल धुवा न्हाईतर अळ्या धुवा." घरातल्यांच्या अंघोळी त्या दिवशी तांब्यावर होत. आता माझ्या नातीनं मोबाइलवर एका दिवसात चारशे फोटो काढले की मला पहिल्यांदा त्या बादलीची आठवण येते आणि उगीचच आईची क्षमा मागावीशी वाटते.

मी तेव्हा बारावी होऊन कॉलेजात गेले होते आणि मला वाटायचं, की मला सगळं येतं. प्रिंट करायला मला आप्पांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, "शैला, अंधार कर," की मी न्हाणीचं दार लावायची, फटीत गोधडी कोंबायची आणि लाल दिवा लावायची. त्या लाल उजेडात पांढरा कागद औषधात बुडवला की आधी काहीच नाही, मग एखादी भुवई, मग शर्टाची कॉलर, मग हळूहळू अख्खा माणूस वर येतो. ते बघताना मला दर वेळी रडू यायचं आणि मी ते आप्पांना दिसू द्यायची नाही. रोल धुण्याचं काम मात्र आप्पा एकटे करत. त्या कामात त्यांना दुसऱ्याचा धक्का लागलेला चालत नसे. ते आत जात, मी बाहेरून गोधडी दाबून धरायची आणि त्यांनी आतून सांगितलं की घड्याळात मिनिटं मोजायची. आत ते काय करतात, कसं करतात, हे मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची गरज आहे असं मला वाटलंही नव्हतं.

रविवारच्या बैठकीत मला बसू देत, पण पोरगी म्हणून. माझा एकच फोटो मोठ्या मनानं ठेवून घेतला होता. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीच्या पत्र्याला भोकं होती, त्यातून उन्हाच्या काड्या आत येत, आणि गिरणीवाला पिठानं पांढराफटक होऊन पट्टा बसवत होता. मला तो फोटो जीव की प्राण होता. भगवानरावांनी उलटा पाहिला, सुलटा पाहिला आणि म्हणाले, "हालला की हो हा. शटर स्लो ठेवलं, अन् हात बी हालला." आप्पांनी मान डोलावली. मी नियमाप्रमाणे गप्प, पण कान तापले होते. मग हबीबचाचांनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "भगवानराव, गिरणी चालू हाय ना? मंग हालणारच. न्हाई हालला तर बंद गिरणीचा फोटो म्हना." त्या एका वाक्यावर मी दोन आठवडे तरंगत होते. चाचांसाठी मी काय वाटेल ते केलं असतं. पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

चाचांच्या घरात भिंतीवर एकही फोटो नव्हता. त्यांच्या अम्मींना, म्हणजे आईंना, माणसाची तसबीर काढणं धर्माच्या दृष्टीनं बरोबर वाटत नसे. त्या कुणाला बोलायला जात नसत, पण स्वतःपुरत्या पक्क्या होत्या. चाचांना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की बाहेर तू काय करतोस ते तू आणि तुझा अल्ला, माझ्या छपराखाली नको. चाचा दर ईदला एकदा विचारायचे, "अम्मी, एक निकालूं?" आणि अम्मी दर ईदला शीरखुर्म्याची वाटी पुढं करून म्हणायच्या, "ये ले, ये निकाल." मी स्वतः ते ऐकलंय. त्या वर्षी मात्र एका रविवारी चाचा आले ते चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले. अम्मी हो म्हणाल्या होत्या. आपणहून. अंगणात डाळ निवडत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, की तुझा जीव एवढा त्यात अडकलाय तर फोटो काढून घे एकदाचा, मी वर बघणार नाही, मी माझं काम करीन, तू तुझं कर. चाचांनी छत्तीस फोटोंचा जवळजवळ अख्खा रोल एकाच जागी, एकाच माणसावर संपवला. हे सांगताना त्यांचा आवाज फाटत होता. पन्नाशीतला माणूस. भगवानराव त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले.

चाचांना रोल धुता येत नसे, घरी तशी सोयही नव्हती. त्यांचे सगळे रोल आप्पाच धूत. दोन फोटो बाकी होते, ते काढून चाचा गुरुवारी रोल घेऊन आले, तर आप्पा परभणीला मीटिंगला गेलेले, शनिवारी येणार. चाचा म्हणाले, "ठेव बेटा. आप्पा आले की दे. पहिला अम्मीला दाखवायचा हाय, तिनं शर्त घातली." आणि गेले. ती डबी माझ्या हातात होती. मला वाटलं, शनिवारी आप्पा येतील तेव्हा दोरीवर रोल वाळत घातलेला असेल. रविवारी मी पोरगी म्हणून बसणार नाही. चाचा सर्वांसमोर म्हणतील, हा शैलानं धुतला. खरं सांगते, अम्मींचा विचार माझ्या मनात नव्हताच. माझाच होता.

शुक्रवारी दुपारी आई झोपल्यावर मी न्हाणीत गेले. औषधं आप्पांच्या वहीत लिहिल्याप्रमाणे मोजून केली. पाणी गार करायला माठातलं घेतलं. दार लावलं, गोधडी कोंबली, अंधार केला. आमच्या घरात अंधार करणं म्हणजे लाल दिवा लावणं, मला दुसरा अंधार माहीतच नव्हता. मी दिवा लावला, डबी उघडली, फिल्म बाहेर ओढली आणि रोल धुवायच्या टाकीतल्या चक्रीवर एकेक वेढा सावकाश चढवला. सगळं स्वच्छ दिसत होतं. आप्पा आत एवढा वेळ का लावतात, धडपडतात का, मध्येच शिव्या का घालतात, याचं मला नवल वाटलं आणि थोडा अभिमानही. टाकीचं झाकण लावलं, मिनिटं मोजली, औषध बदललं. शेवटी झाकण काढून फिल्म वर उचलली तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी होती, चपलेच्या पट्ट्यासारखी. खिडकीचं मेणकापड फाडून मी ती उन्हासमोर धरली. अम्मी नाहीत, अंगण नाही, डाळ नाही. मग मी रोलचं रिकामं खोकं शोधलं. त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात छापलं होतं, पूर्ण अंधारातच उघडावे. कागदाला लाल दिवा चालतो, फिल्मला तो चालत नाही. हे ज्याला कळतं त्याला ते इतकं साधं वाटतं, की सांगायची आठवणच होत नाही. आप्पांना झाली नव्हती.

शनिवारी आप्पा आले तेव्हा मी म्हणाले, "तुम्ही करता तसंच केलं, आप्पा. अंधारात. काळाच निघाला." खोटं बोलताना माझा आवाज जराही हलला नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आप्पांनी पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, कडा पाहिल्या, दोन्ही टोकं पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. आणि पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली.

रविवारी ती काळी पट्टी पांढऱ्या चादरीवर ठेवली गेली. उलटी-सुलटी करायचा प्रश्नच नव्हता. भगवानराव सवयीनं बोलू लागले. "मागचं झाकण ढिलं झालं आसंल. जुना कॅमेरा हाय, त्याच्या खाचेतलं काळं मखमल झिजून जातं, मंग उजेड घुसतो. माझा एक रोल आसाच गेल्ता." आप्पा म्हणाले, "असंल." एवढंच. चाचा गप्प बसले होते, कारण फोटो त्यांचा, आणि ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. त्या खोलीत त्यांच्याशिवाय आणखी एक जण त्या नियमाच्या आड लपून बसलं होतं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर चाचांची पाळी आली. ते म्हणाले, "माझाच हात असंल. उस दिन हात काप रहा था मेरा. मीच मागचं झाकण उघडलं आसंल, याद न्हाई." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तू कायको रोती, बेटा? तूने तो मेहनत करी." मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण भगवानराव सुशीला मागायला लागले आणि मी ताटली आणायला उठले.

त्यानंतर चाचा आले नाहीत. एक रविवार, दोन रविवार, तीन. भगवानराव फोटो घेऊन यायचे, आप्पा एखादी अळी ठेवायचे, आणि दोघं अर्ध्या तासात आटपायचे. समोरच्या काकूंनीही विचारलं, की आजकाल भांडत न्हाईत का. मी मनाची समजूत घातली, की दुकानात गिऱ्हाईक वाढलं असेल.

चौथ्या रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वर तेलाची धार आणि ठेचा. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाली, "काल चष्म्याची दांडी बसवायला गेल्ते. हबीबभाईंची बायको बसली होती दुकानात. म्हातारीचं काही खरं न्हाई म्हणे." आप्पांचा घास हातात राहिला. आई सांगत गेली. फोटो काळा निघाला हे कळल्यापासून अम्मींनी अंथरूण धरल्यासारखं केलं होतं. त्यांचं म्हणणं एकच, की मी लेकाच्या मायेपायी नको त्याला हो म्हटलं, आणि वरच्यानं नाही म्हणून सांगितलं. माझा चेहरा त्यानं पुसून टाकला. रमजान नाही, काही नाही, त्या एक दिवसाआड रोजे धरत होत्या, माफीचे. साखरेचा आजार. परवा नमाजाला उठताना पडल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं, चाचांनी पाय धरले, ऐकत नव्हत्या. "हबीबभाई तर म्हणतात, कॅमेरा कपाटात घालून किल्ली नदीत टाकतो," आई म्हणाली. "आता बघा, एवढ्या वर्षांनी बाईनं हो म्हणावं आन् नेमका तोच रोल खराब निघावा. त्यांना तसं वाटलं त्यात नवल काय?"

माझ्या ताटातली भाकरी तशीच राहिली. मी हात धुवायला मोरीवर गेले आणि तिथंच उभी राहिले. आप्पा मागून आले. म्हणाले, "कडा बी काळ्या होत्या, शैला. कॅमेऱ्यात उजेड घुसला तर गुंडाळीच्या आतलं टोक वाचतं, कडा वाचतात. ही सगळीच गेल्ती. लाल दिवा लावला होतास ना?" मी मान हलवली. "मला त्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "मी तुला कधी सांगितलंच न्हाई फिल्मचं. आन् मंग त्यांच्यासमोर तुझी मान खाली घालवायला मला जड गेलं." मी त्यांच्यावर चिडले. स्वतःची चूक असताना दुसऱ्यावर चिडण्यात एक वेगळाच जोर असतो. मी म्हणाले, "तुम्ही बोलला असता तर ती म्हातारी पडली नसती." ते म्हणाले, "हौ. चल."

भर उन्हात आम्ही रिक्षानं पूल ओलांडून गेलो. चाचांचं दुकान बंद होतं, घर मागेच. चाचांनी दार उघडलं आणि आप्पांना पाहून त्यांचा चेहरा इतका उजळला, की मला परत फिरावंसं वाटलं. अम्मी आतल्या खोलीत लाकडी तख्तावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पांढरी ओढणी, हातात जपमाळ, ओठ कोरडे. एवढ्याशा झाल्या होत्या. चाची त्यांच्या पायाशी बसली होती. आप्पा आणि चाचा उंबऱ्यापाशी थांबले. मी आत जाऊन खालीच बसले आणि म्हणाले, "अम्मी, तो रोल मी काळा केला."

"तू?" अम्मी म्हणाल्या. "तेरा क्या लेना-देना उससे?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, काही न गाळता. आप्पा नव्हते, चाचांनी थांब म्हटलं होतं, मला मोठं व्हायचं होतं, मी लाल दिवा लावला, आणि नंतर खोटं बोलले. अम्मींनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. झाल्यावर एखाद्या हिशेबी दुकानदारासारखा त्यांनी एकेक प्रश्न विचारला.

"लाल बत्ती से जल जाता वो?"

"हो."

"और तू बत्ती जला को बैठी. कायकू?"

"मला वाटलं, तोच अंधार."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं. मग उंबऱ्याकडं. "हबीब, सच बोल. ये छोकरीने हात लगाने से पैले तसबीर थी अंदर?"

चाचा माझ्याकडं बघत नव्हते. "थी, अम्मी," ते म्हणाले. "बराबर थी. बटन दबा तबीच बन जाती. दिखती नै, लेकिन रहती."

"मतलब उसने ना नै बोला," अम्मी म्हणाल्या. हे त्या आमच्यापैकी कुणाला म्हणत नव्हत्या. त्यांनी जपमाळ मांडीवर ठेवली, ओढणीचं टोक तोंडावर धरलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. चाची घाबरून पुढं झाली. तेवढ्यात ओढणी खाली आली आणि अम्मी हसत होत्या, डोळ्यातून पाणी गळत होतं आणि हसत होत्या. "इत्ते दिन!" त्या म्हणाल्या. "इत्ते दिन मैं माफी मांग रई, नाक रगड रई, और ये वहां लाल बत्ती लगा को बैठी थी!" चाचीलाही हसू आवरेना. मग एकदम हसू थांबलं आणि त्यांनी माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की आठ दिवस वळ होता. "झूट बोली तू," त्या म्हणाल्या. "हात की गलती अलग. जबान की अलग."

आप्पा उंबऱ्यातूनच म्हणाले, "अम्मी, मला पण माहीत होतं. मी पण गप्प बसलो." चाचांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. आत जाऊन आप्पांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आले आणि म्हणाले, "घ्या साहेब." पंधरा वर्षांच्या मैत्रीत चाचांनी आप्पांना कधी साहेब म्हटलं नव्हतं. पुन्हा आप्पा म्हणायला त्यांना पुढची दिवाळी उजाडावी लागली. रविवारी यायला मात्र ते पुढच्याच आठवड्यापासून लागले, आणि आल्या आल्या भगवानरावांच्या फोटोत सूर्यास्त वाकडा आहे म्हणून भांडले.

चाची सरबत करून घेऊन आली. म्हणाली, "बस झालं अम्मी, हा रमजानचा, फर्जाचा रोजा न्हाई, सोडला तर चालतो." चाचांनीही हात जोडले. अम्मींनी मान हलवली. "नै. आज का पूरा करूंगी," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं बोट केलं. "अब तक के मेरे थे. आज का इसका."

चाचांनी थोड्या वेळानं, अगदी हळू विचारलं, "अम्मी, फिरसे एक निकालूं?" अम्मी म्हणाल्या, "एक बार हां बोली मैं. उसने सुन ली. बस, हो गया." त्या पुढं चार वर्षं जगल्या आणि परत कधी हो म्हणाल्या नाहीत. चाचांनीही विचारलं नाही. कुणी मला विचारतं, इतकी वर्षं फोटो काढतेस, तुझा सगळ्यात आवडता फोटो कोणता. मी गिरणीवाल्याचा सांगते, कारण तो दाखवता येतो. चाचा गेले तेव्हा त्यांच्या पोरांनी घर आवरताना शेकडो फोटो कपाटातून बाहेर काढले, विहिरी, सावल्या, चष्मे, गिऱ्हाइकांची नाकं. त्यांच्या आजीचा, म्हणजे अम्मींचा, एकही नव्हता. तो मी घालवला, आणि हे मला माफ झालं असलं तरी भरून आलेलं नाही.

अम्मींना सगळं सांगितलं त्या दिवशी मी लगेच घरी गेले नाही. आप्पांना परत पाठवलं. ऊन उतरेपर्यंत अम्मींच्या पायाशी बसून राहिले, त्यांचे पाय चेपले, डाळ निवडली. सकाळपासून माझ्याही पोटात दोन घासांच्या वर काही नव्हतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही. मशिदीतून रोजा सोडायच्या वेळेची बांग झाली तशी चाचीनं ताटली पुढं केली. अम्मींनी खजूर उचलला, ओठ हलवले, अर्धा दातानं तोडला आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडाशी धरला.

"ले," त्या म्हणाल्या, "तेरा बी खुल गया."